व्यायाम पायांचा, हौस डोळ्यांची

पुण्याच्या नारायण पेठेत दोन खोल्यांत राहणाऱ्यांना मोकळ्या हवेची किंमत कोरोनाच्या टाळेबंदीत कळली. ३१ मे २०२० रोजी राज्य सरकारचा आदेश निघाला. प्रतिबंधित क्षेत्राबाहेर ३ जूनपासून पहाटे ५ ते सायंकाळी ७ फिरायला, धावायला, सायकल चालवायला मुभा मिळाली. मात्र जवळच्याच मोकळ्या जागेत. घोळका नको, लांबचा प्रवास नको.

आता तुम्ही म्हणाल, सिंहगडावर एवढा वारा, एवढी मोकळीक; तिथे जायला हरकत ती कसली? हरकत गडाची नव्हे, वाटेची. वाटेत डोणजे लागते, चहाला थांबणे होते, वर पिठलं-भाकरी आलीच. शहरातला रोग असा गावाच्या उंबऱ्याशी पोचतो, आणि गावाला मोठे इस्पितळ लांब. पण दुसरी बाजूही आहे बरे का! गडावर दही-ताक विकणाऱ्यांची चूल येणाऱ्या-जाणाऱ्यांवरच पेटते. आपण थांबलो, तेव्हा त्यांची कमाईही थांबली.

म्हणून शिक्षकबंधूंनी मुलांना एवढेच सांगावे: साथ असेल तेव्हा नदीकाठ, गच्ची, अंगण यांवर भागवावे, पायांना देखावा लागत नाही. आणि साथ सरली, की गडावर आवर्जून जावे, ताक विकत घेऊन प्यावे.