शेणखत टाकलं, तरी पीक पिवळं का?

दर पावसाळ्यात गटाच्या बैठकीत एक बोलणं ठरलेलं असतं. ‘पाट्या वाहून वाहून शेणखत टाकलं, तरी ज्वारी पिवळी पडली. आता युरियाला कर्ज द्या.’ कर्ज देऊ, पण आधी मातीत काय चालतं ते समजून घेऊ.

पान हिरवं ठेवतं ते नत्र. मातीतलं ९० टक्क्यांहून जास्त नत्र शेण, पालापाचोळा, मेलेली मुळं यांच्यात बांधलेलं असतं. कणगी ज्वारीने भरलेली असली, तरी दळून भाजल्याशिवाय भाकरी मिळत नाही. तसंच हे. मातीतले सूक्ष्मजीव शेणकचरा कुजवतात, तेव्हा त्यातल्या नत्राचं अमोनियम होतं. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. मुळं मुख्यतः हीच दोन रूपं घेतात.

या कामाला ऊब, ओल आणि हवा लागते. माती कोरडी पडली की काम मंदावतं. पाणी साचलं तर नायट्रेट वायू होऊन उडून जातं.

सूक्ष्मजीवांनाही जगायला नत्र लागतं. गव्हाच्या काडात एक भाग नत्रामागे साधारण ८० भाग कर्ब असतो. असं काड किंवा काडीकचऱ्याचं कच्चं खत पेरणीच्या तोंडावर गाडलं, की ते कुजवायला सूक्ष्मजीव मातीतलंच नत्र ओढतात आणि पीक उपाशी राहतं. ते नत्र पुढे मोकळं होतं, पण तोवर रोपाची वाढ मागे पडलेली असते.

म्हणून सुकं काड उकिरड्यातच कुजू द्या. काडाचा थर, त्यावर ओलं शेण, गिरिपुष्पाचा पाला, असे थर लावा. ओल राखा, अधूनमधून उलथा. शेतात पसरलेलं खत उन्हात ठेवू नका, लगेच मातीत मिसळा.

हिशेबही बघा. एक टन चांगल्या शेणखतात साधारण ५ किलो नत्र असतं, तेही एका हंगामात सगळं मिळत नाही. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २० किलो. तेव्हा युरिया एकदम बंद करू नका. माती तपासून, दरवर्षी कुजलेलं खत देत, बेताबेताने कमी करा.

पेरणीआधी प्रत्येकीने उकिरड्यातलं मूठभर खत हातात घेऊन बघावं. गरम लागलं, शेणाचा वास आला, काडी ओळखू आली, तर ते अजून कच्चं आहे. मातीसारखा वास आला, की पाट्या भरायला घ्या.