कंबरदुखी आणि लहान छेदाचे आकर्षण



मी कला शाखेचा पदवीधर, पेशाने पत्रकार. शल्यवैद्यांना शिकविण्याचा अधिकार मला नाही. परंतु प्रश्न विचारणे हा माझा व्यवसायच आहे.

कमरेचे दोन मणके स्क्रू आणि सळ्यांनी जखडून, मध्ये हाडाचा चुरा भरून ते एकजीव करणे, याला मणके जोडण्याची शस्त्रक्रिया म्हणतात. पूर्वी त्यासाठी पाठीचे स्नायू हाडापासून दूरवर सोडवावे लागत. या शतकाच्या आरंभापासून स्नायूंच्या तंतूंमधून नळी सरकवून, क्ष-किरणांच्या पडद्यावर नजर ठेवून तेच काम लहान छेदांतून होऊ लागले. रक्तस्राव कमी, रुग्णालयातील मुक्काम कमी. हे लाभ खरे आहेत. क्ष-किरणांचा मारा मात्र अधिक होतो. वर्ष-दोन वर्षांनी वेदना आणि हालचाल मोजली, तर दोन्ही पद्धतींचे रुग्ण जवळजवळ एकाच पायरीवर आढळतात. छेद लहान झाला, आतले काम तेच राहिले.

मग ते काम करावे की नाही? जाहिरातींत हा प्रश्न सहसा सापडत नाही! जुनाट कंबरदुखीच्या २९४ रुग्णांवरील स्वीडनचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी, तर इतरांपैकी २९ टक्क्यांनी आपणांस बरे वाटते असे सांगितले. पण त्या इतरांना नेहमीचेच व्यायामोपचार मिळाले होते. ब्रिटनमधील ३४९ रुग्णांच्या अभ्यासात (२००५) दुसऱ्या गटाकडून कसून व्यायाम करवून घेतला गेला, हालचालीविषयीची भीतीही घालविली गेली. तेव्हा शस्त्रक्रियेची आघाडी अगदी किरकोळ उरली. हे अभ्यास मोठ्या छेदाच्या काळातले आहेत, हे खरे. परंतु दोन्ही छेदांचे दूरचे फळ सारखेच असेल, तर त्यांचा निष्कर्ष लहान छेदालाही लागू पडतो.

अस्थिभंग, गाठ, जंतुसंसर्ग यांची गोष्ट वेगळी. मणका सरकून नस दबली असेल, तरी जोडणे अटळच असते असे नाही. नॉर्वेतील २६७ रुग्णांत (२०२१) केवळ नस मोकळी करणे हे जोडकामासह केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा उणे ठरले नाही.

म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे : माझे दुखणे नक्की याच मणक्यांतून येते कशावरून? नियमित व्यायाम किती महिने करून पाहिला? नुसती नस मोकळी करून भागेल का? चांगला शल्यवैद्य अशा प्रश्नांनी रागावत नाही. मात्र लघवीवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरता आली किंवा पाय लुळा पडू लागला, तर प्रश्न विचारत बसू नये; त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.