हिरड्याचे माप

तुमच्या घरी त्रिफळाचूर्णाची एखादी बाटली बहुधा असेलच. हिरडा, बेहडा आणि आवळा या तीन फळांचे हे चूर्ण. बाटलीवर कारखान्याचे नाव असते, वजन असते, किंमत असते. फळ झाडावरून कोणी उतरवले आणि त्याला काय मिळाले, हे मात्र कुठेच नसते. त्या न छापलेल्या ओळीविषयी आज थोडे बोलू या.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम अंगाला, सह्याद्रीच्या माथ्यालगत, महादेव कोळी समाजाची गावे आहेत. भात पिकतो तो बहुतेक घरच्या पोटाला जातो. रोकड हाती येते ती हिरड्याची. उन्हाळ्यात फळ कोवळे असतानाच ते उतरवतात आणि उन्हात वाळवतात. हाच बाळहिरडा. औषधाला त्याला मागणी आहे. पिकलेला मोठा हिरडा कातडी कमावण्याच्या कामी येतो, पण त्याला भाव कमी. म्हणजे वर्षाचा हिशेब त्या थोड्या आठवड्यांवर ठरतो. वळवाचा पाऊस अवेळी आला, की वाळत घातलेला माल काळा पडतो.

माझा एक विद्यार्थी त्या भागातला. एकदा त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याची आई अंगणात हिरडा पसरत होती. दुसऱ्या दिवशी बाजारात मीही सोबत होतो. व्यापाऱ्याने मूठभर हिरडा चोळून पाहिला आणि म्हणाला, "ओला हाय मावशी, दोन किलो कमी धरतो." वर पोत्याचा एक किलो वजा. काटा त्याचा, भाव त्याचा, ओलाव्याची परीक्षाही त्याचीच. मावशी काही बोलल्या नाहीत. परत येताना मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही वर्गात शिकवलंत, पुरवठा करणाराची प्रत तपासून माल घ्यावा. मग घेणाराची प्रत कोण तपासणार?"

वाणिज्य शिकवण्यात माझी इतकी वर्षे गेली, परंतु त्या वेळी मला चटकन उत्तर सुचले नाही.

हा प्रश्न यापूर्वी कोणाला पडलाच नव्हता, असे नाही. महाराष्ट्राने १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ स्थापन केले आणि १९७६ च्या कायद्याने आदिवासी भागात एकाधिकार खरेदीची वाट काढली. हेतू हाच, की व्यापाऱ्याच्या काट्यापुढे दुसरा काटा उभा राहावा. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क वनवासी कुटुंबांना दिला. हक्क मिळाला, हे मोठेच झाले. पण हक्काला गिऱ्हाईक कसे भेटते, यावर पुढचे सारे अवलंबून.

अशा गिऱ्हाइकाचे एक उदाहरण याच डोंगरात घडले. जंगलातून गोळा केलेल्या वनस्पतींसाठी 'फेअरवाइल्ड' नावाचे एक जागतिक प्रमाणक आहे. त्याची दुसरी आवृत्ती २०१० साली निघाली. झाडाला सोसेल इतकेच फळ घ्यावे, गोळा करणाराला रास्त मोबदला द्यावा, मुलांना कामाला जुंपू नये, अशा त्याच्या अटी. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था आणि इंग्लंडची पक्का हर्ब्ज ही चहा कंपनी यांनी भीमाशंकरच्या परिसरात महादेव कोळी कुटुंबांबरोबर या प्रमाणकाने हिरड्याचे काम केले. आता पुढचे ऐका. ही कंपनी २०१७ साली युनिलिव्हरने विकत घेतली आणि २०२२ साली ती पुन्हा दुसऱ्या मालकाकडे गेली. मालक बदलतात, झाड आणि गाव तिथेच राहते. म्हणून भल्या माणसाच्या शब्दापेक्षा कागदावरचा करार मोलाचा.

आपल्याकडेही सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातील पहिल्या हजार कंपन्यांना जबाबदार व्यवहाराचा अहवाल बंधनकारक केला. कच्चा माल कोठून व कसा घेता, लहान उत्पादकांकडून किती घेता, हे त्यात सांगावे लागते. चांगलेच आहे. पण अहवाल मुंबईत लिहिला जातो आणि काटा लागतो आठवड्याच्या बाजारात. दोहोंमध्ये तीन-चार हात असतात. अट वरून खाली येते, तशी प्रत्येक हाताला ती आपल्या खालच्यावर ढकलता येते. शेवटी ती मावशींच्या डोक्यावर येऊन बसते आणि भाव मात्र वरच अडकतो. भावाशिवाय घातलेली अट ही शिस्त नव्हे, तो नुसता बोजा.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातली हिरड्याची झाडे झोडपली. मोठ्या खरेदीदाराला माल दुसरीकडून आणता येतो. ज्याच्या बांधावरचे झाड पडले, त्याने नवे लावले तर फळाची वाट वर्षानुवर्षे पाहायची. जोखीम कोणाची, हे अशा वेळी कळते.

म्हणून कोणत्याही कंपनीचा अहवाल हाती आला, तर तुम्ही चार साधे प्रश्न विचारा. भाव हंगामाआधी सांगितला का? वजन विकणाराच्या डोळ्यांसमोर, तपासलेल्या काट्यावर झाले का? पैसे किती दिवसांत मिळाले? आणि झाड पुढच्या वर्षीही फळेल, याची काळजी कोणी घेतली? चारही उत्तरे गावात जाऊन पडताळता येतात. त्याला फार शिकावे लागत नाही.

त्या मुलाला मी उत्तर दिले, पण पुढच्या हंगामात. म्हटले, "घेणाराची प्रत विकणाराने तपासायची. पण एकट्याने नव्हे, चार घरांनी मिळून, आणि काटा आपला घेऊन." तो हसला. म्हणाला, "काट्याला पैसे लागतात, सर." ते खरेच होते. त्या पैशांची तजवीज कोणी करायची, हा प्रश्न त्या गावाइतकाच, बाटली विकत घेणाऱ्या तुमचा आणि माझाही आहे.