खेळाडूचा दुखावलेला पाय



खेळांवरील भाषण म्हटलें म्हणजे विजयाच्या वार्ता ऐकावयास मिळतील अशी आपली अपेक्षा असणार. मी आज बोलणार आहें तें मात्र खेळाडू मैदानावर नसतो त्या काळाविषयीं. पाय दुखावल्यापासून तो पुनः मैदानावर उतरेपर्यंतचे जे दिवस, त्यांची नोंद धावफलकावर कोठेंच होत नाहीं. परंतु खेळाडूचें पुढील आयुष्य पुष्कळदां त्याच दिवसांत ठरतें.

आपल्या प्रत्येक पावलांत २६ हाडें असतात, म्हणजे शरीरांतील एकंदर २०६ हाडांपैकीं चौथा हिस्सा दोन पावलांतच आहे. या हिशेबांत सहसा न धरलीं जाणारीं आणखी दोन चिमुकलीं हाडें अंगठ्याच्या मुळाशीं, तळव्याच्या बाजूस असतात. आकारानें तीं वाटाण्याएवढीं. पण प्राचीन शरीरशास्त्रज्ञांना तीं तिळासारखीं वाटलीं व त्यांचें पाश्चात्त्य नांवहि तिळावरूनच पडलें. आपण त्यांना तिळास्थि म्हणूं. गुडघ्याची वाटी जशी कंडरेंत बसविलेली असते, तशींच हीं हाडें अंगठा वांकविणाऱ्या कंडरांत बसविलेलीं आहेत. टाच उचलून पाऊल पुढें रेटतांना अंगावरचा बराचसा भार त्यांच्यावर येतो.

इ. स. २००१ च्या पावसाळ्यांत या तिळाएवढ्या हाडानें साऱ्या देशाला घोर लावला. वांद्र्याच्या साहित्य सहवासांत वाढलेले श्री. सचिन तेंडुलकर त्या वेळीं अठ्ठावीस वर्षांचे होते. १९८९ सालीं पहिला कसोटी सामना खेळल्यापासून ओळीनें ८४ कसोटी सामने ते खेळले होते; एकहि चुकला नव्हता. झिंबाब्वेच्या दौऱ्यांत ४ जुलै रोजीं हरारे येथें त्यांनीं वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १२२ धावा काढल्या. आणि तो दौरा संपतां संपतां अंगठ्याखालच्या या हाडाची इजा उघडकीस आली. लंकेच्या दौऱ्यावर संघ त्यांच्यावांचून गेला. तेथील तीन कसोट्यांपैकीं दोन आपण हरलों, एक जिंकलों. आमच्या शाळेंतील शिक्षकांच्या खोलींत त्या दिवसांत दुसरा विषय नसे. "अंगठाच तर दुखतो आहे, पट्टी बांधून खेळायला काय हरकत आहे?" असें म्हणणारे त्यांत बहुसंख्य होते. ज्यांनीं उभ्या जन्मांत बस पकडण्याखेरीज कधीं धांव घेतली नाहीं, तेच या बाबतींत अधिक कठोर असत, हें मला नमूद केलें पाहिजे.

तेंडुलकर सुमारें तीन महिने थांबले. ५ ऑक्टोबर रोजीं जोहान्सबर्ग येथें ते पुनः खेळले आणि त्यांनीं १०१ धावा काढल्या. ३ नोव्हेंबरला ब्लोमफाँटेनच्या कसोटींत त्यांनीं १५५ धावा केल्या. हे दोन्ही सामने भारतानें गमावले हें खरें. परंतु पाय भार सोसतो आहे कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर त्या दोन खेळींनीं दिलें.

फलंदाजापेक्षांहि बास्केटबॉल खेळणाऱ्याच्या पायाची परीक्षा अधिक कडक असते. जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें १८९१ सालीं, हिवाळ्यांत व्यायामशाळेच्या बंदिस्त जागेंत खेळतां यावा म्हणून हा खेळ शोधून काढला. जागा आंखूड, म्हणून लांब धांव थोडी. आणि एकाएकीं थांबणें, वळणें, उडी घेणें व खालीं येणें फार. आपल्या मुंबईंत नागपाड्याच्या मैदानावर हा खेळ ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना उडीनंतर पाय जमिनीवर आपटल्याचा तो आवाज आठवत असेल. अशा वेळीं अंगाच्या वजनाच्या अनेक पट भार पावलावर पडतो. करंगळीच्या मागें पावलाच्या बाहेरच्या कडेनें जें लांब हाड जातें, तें अशा खेळांत मुळाजवळ मोडतें. या अस्थिभंगाला रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश शस्त्रवैद्याचें नांव आहे. त्यांनीं १९०२ सालीं त्याचें वर्णन केलें, आणि वर्णिलेल्या रुग्णांत ते स्वतःहि होते. नाचतांना त्यांचाच पाय मोडला होता!

हें हाड सांधण्यास एवढें हट्टी कां? मोडलेल्या हाडाभोंवतीं प्रथम रक्त सांकळतें. मग तेथें कूर्चेसारखें मऊ सांधण तयार होतें. त्यांत चुन्याचे क्षार भरून तें कठीण होतें. आणि त्यापुढें महिनोन्‌महिने शरीर त्या ओबडधोबड गांठीला घांसून पुसून मूळ आकार देत बसतें. या साऱ्या कामाला लागणारी सामग्री रक्त आणतें. पाटाचें पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोंचतां पोंचतां जसें क्षीण होतें, तसा या जागेचा रक्तपुरवठा मुळांतच क्षीण आहे. पावलाच्या कमानींतील नौकेच्या आकाराच्या हाडाचा मधला भागहि असाच कोरडा. वेदना थांबणें ही एक गोष्ट व हाड सांधणें ही दुसरी, हें येथें ध्यानांत घ्यावयास हवें. कारण पहिली गोष्ट दुसरीच्या पुष्कळ आधीं होते, आणि खेळाडू फसतो तो येथेंच.

अमेरिकेचे केव्हिन ड्युरँट हे २०१३-१४ च्या हंगामाचे सर्वोत्तम खेळाडू ठरले होते. २०१४ च्या ऑक्टोबरांत त्यांच्या उजव्या पायाचें हेंच हाड मोडल्याचें आढळलें. १६ ऑक्टोबरला शस्त्रक्रिया करून हाडांत स्क्रू बसविला. २ डिसेंबरला, म्हणजे सात आठवड्यांच्या आंत, ते खेळूं लागले. फेब्रुवारींत दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली, कारण स्क्रूचें डोकें शेजारच्या हाडावर घांसत होतें. आणि मार्चअखेर तिसरी, तींत नवें हाड भरावें लागलें. त्या हंगामांतील ८२ सामन्यांपैकीं ते अवघे २७ खेळले. पुढें मात्र त्यांनीं संपूर्ण उन्हाळा पायाला दिला, आणि २०१५-१६ च्या हंगामांत ७२ सामने खेळले. चीनच्या याओ मिंग यांचें दैव इतकें अनुकूल नव्हतें. २०२८ नव्हे, २००८ च्या फेब्रुवारींत त्यांच्या डाव्या पायाचें हाड भेगाळलें. त्याच वर्षींच्या ऑगस्टांत बीजिंगच्या ऑलिंपिकमध्यें ते आपल्या देशासाठीं उभे राहिले. घरच्या अंगणांत ऑलिंपिक भरलें असतां थांबा म्हणणें कोणाला साधलें असतें? पुढच्या वर्षीं तोच पाय पुनः दुखावला, २००९-१० चा सारा हंगाम गेला, आणि २०११ च्या जुलैंत, वयाच्या तिसाव्या वर्षीं, त्यांनीं खेळ सोडला. ऑलिंपिकच खेळल्यामुळें हें झालें असें मी म्हणत नाहीं. साडेसात फूट उंचीच्या देहाचा भार हेंहि कारण लहान नव्हतें.

हे सारे मोठ्या नांवांचे लोक. त्यांच्या दिमतीला वैद्य, यंत्रें, पैसा सर्व कांहीं. आमच्या मढच्या कोळीवाड्यांतील माझा एक जुना विद्यार्थी महाविद्यालयाच्या संघांत बास्केटबॉल खेळतो. त्याच्या डाव्या पायाची बाहेरची कड दुखूं लागली, तेव्हां घरच्यांनीं हळदीचा लेप दिला व एका जाणत्या गृहस्थाकडून आठवडाभर तेल लावून चोळून घेतलें. क्ष-किरणांच्या पहिल्या छायाचित्रांत कांहींच दिसलें नाहीं. यांत आश्चर्य नाहीं. हाडाची बारीक भेग पहिले दोन-तीन आठवडे पुष्कळदां छायाचित्रांत उमटतच नाहीं. परंतु "कांहीं नाहीं" याचा अर्थ घरांत "खेळ आतां" असा झाला. दुसऱ्या छायाचित्रांत भेग स्पष्ट दिसली, तेव्हां पायाला प्लॅस्टर बसलें आणि सहा आठवडे तो पाय जमिनीला टेकवूं नये अशी आज्ञा झाली.

मढाहून वर्सोवा होडीनें कांहीं मिनिटांवर आहे, रस्त्यानें मात्र मालाडचा मोठा वळसा पडतो. कुबड्या घेऊन डुलत्या होडींत चढणें जमेना, म्हणून तो वळसा त्यानें पतकरला. सहावा आठवडा संपत आला तेव्हां तो मजकडे आला. "गुरुजी, प्लॅस्टर निघालें म्हणजे खेळलों तर चालेल ना? सामने पंधरा दिवसांवर आलेत. आता नाहीं खेळलों तर नांव जाईल." नांव जाईल हें खरेंच होतें, आणि तें नाकारण्यांत अर्थ नव्हता. मी म्हटलें, "अरे, तें मला विचारूं नकोस, डॉक्टरांना विचार, पण प्लॅस्टर निघालें का असें विचारूं नकोस, हाड सांधलें का असें विचार." डॉक्टरांनीं त्या जागीं अंगठ्यानें दाबून पाहिलें. तो कळवळला. सामने त्याच्यावांचून झाले.

त्यानंतर तो करीत आहे तें काम कंटाळवाणें आहे. पायाच्या बोटांनीं जमिनीवरचा पंचा ओढावयाचा. भिंतीला धरून टांचा उचलावयाच्या. तिपाईवर बसून चेंडू फेंकावयाचा. प्लॅस्टरमधील पोटरी इतकी वाळली होती कीं त्याच्या आईनें ती पाहून डोळ्यांना पदर लावला. आधीं चालणें, मग भरभर चालणें, मग सरळ रेषेंत धांवणें. वळणें व उडी सर्वांत शेवटीं. प्रत्येक पायरीवर दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाय काय म्हणतो तें पाहावयाचें, आणि दुखला तर एक पायरी खालीं यावयाचें. गेल्या महिन्यांत त्यानें दोन्ही पायांवर पहिली उडी घेतली. एका पायावरची डॉक्टरांनीं अद्याप मना केली आहे. संघांतील त्याच्या जागीं आतां दुसरा मुलगा खेळतो, आणि तो चांगला खेळतो, असें त्यानेंच मला सांगितलें.