हसण्यावारी गेलेले आईपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘विनोदी चित्रपटांतील आई’ हा विषय वरवर हलकाफुलका दिसतो. परंतु त्या हशामागे आपल्या घराघरांतील एक न सुटलेला प्रश्न उभा आहे, असे आम्हांस वाटते.

आपल्या गंभीर चित्रपटाने आईला देव्हाऱ्यात बसविले. आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ने राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविले आणि ती माउली मराठी मनात कायमची स्थिरावली. मात्र देव्हाऱ्यातील मूर्तीला नैवेद्य दाखवितात; रात्री किती वेळा उठावे लागते, हे तिला कोणी विचारीत नाही. ते विचारण्याचे काम विनोदाकडे आले, आणि त्याने आईचे काम पुरुषाच्या अंगावर टाकून ते पार पाडले.

१९८८ सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’त पार्वती बनलेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांचे साग्रसंगीत डोहाळजेवण होते. पुढच्याच वर्षी ‘बाळाचे बाप ब्रह्मचारी’त अविवाहितांच्या पदरी तान्हे मूल येते. फ्रान्समध्ये १९८५ साली तीन अविवाहितांच्या दारी असाच पाळणा आला होता, आणि १९८७ साली हॉलिवूडने त्या कथेची आपली आवृत्ती काढली. १९९७ सालच्या ‘चाची ४२०’ मध्ये तर पत्नीपासून दुरावलेला बाप लेकीच्या सहवासासाठी नऊवारी नेसून लक्ष्मी गोडबोले होतो. मूळ तमिळ चित्रपटात कमल हासन हेच अय्यंगार मामी झाले होते. तेव्हा ही गंमत एकट्या मराठी माणसाची नव्हे.

या सर्व कथांत कामे तीच आहेत: दुपटी, अंगाई, दूध आणि जागरण. बाईच्या हाती असताना त्यांना चित्रपटात धड एक दृश्यही मिळत नाही. पुरुषाच्या हाती जाताच त्यांचा अडीच तासांचा खेळ होतो. विनोद विसंगतीतून जन्मतो म्हणतात. मग येथील विसंगती कोणती? पुरुषाला हे काम जमत नाही ही, की हे काम त्याचे नव्हेच, असे आपण सर्वांनी धरून चालावे ही?

जमत नाही म्हणावे, तर आपल्याच म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालकांसाठी भुकटी करण्याची रीत पूर्वीच सिद्ध केली आहे. बाटली धरावयास आईचाच हात हवा, असे काही शास्त्राने ठरविलेले नाही.

आणखी एक गोष्ट पाहावी. पुरुष मूल सांभाळतो तेव्हा आई घरात नसते. ती असती, तर कथाच घडली ना! आम्ही केंद्र सरकारच्या सेवेत आहोत. तेथील नियमही काही काळ याच वाटेने गेले. १९९७ साली पित्याला पंधरा दिवसांची रजा मिळाली. २००८ साली मातेला ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली. पुरुषाला ती मिळाली २०१८ साली, आणि तीही तो एकटा पालक असेल तरच. चित्रपटाची कथा आणि नियमावलीचे कलम यांनी एकमेकांस न विचारता एकच गृहीत धरले आहे.

आणि ही रजा घेऊन मुलाच्या परीक्षेसाठी घरी थांबलेल्या भगिनीविषयी कोणत्याही कचेरीत हमखास उद्गार निघतो: “मजा आहे बुवा!” हाही एक विनोदच, परंतु पडद्यावरचा विनोद काम दाखवितो, आणि हा ते झाकून टाकतो.

अलीकडे वारे थोडे फिरले आहे. हेमंत ढोमे यांच्या ‘झिम्मा’त (२०२१) आणि केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’त (२०२३) प्रौढ स्त्रिया स्वतः केंद्रस्थानी येतात आणि आपल्या थकव्याला, रुसव्याला स्वतःच हसतात. आईला हसणे आणि आईबरोबर हसणे यांत केवढे अंतर आहे, ते या चित्रपटांनी दाखविले.

मंडळाचे पन्नास गणेशोत्सव, हळदीकुंकवाचे समारंभ आणि मुलांची नाटके कोणाच्या जागरणावर उभी राहिली, हे आपण सारे जाणतो. सुवर्णमहोत्सवात त्या भगिनींना शाल-श्रीफळ अवश्य द्यावे. परंतु येत्या वर्षी त्यांच्या तालमी चालू असताना मुले सांभाळण्याची पाळी पुरुष सभासदांनी घ्यावी आणि तसा ठराव कार्यकारिणीने करावा, अशी आमची सूचना आहे. पहिल्या दिवशी लोक हसतील. चौथ्या दिवशी कोणी हसणार नाही. तो चौथा दिवस लवकर येवो, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.