म्हाताऱ्या माणसांचं दुपारचं जेवण

नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेच्या दर्शनाला नगर शहरातून पायी येणाऱ्या बायकांमध्ये साठी-सत्तरी ओलांडलेल्या पुष्कळ असतात. ते नऊ दिवस त्या बायका माणसांत असतात. एरवी, वर्षभर, दुपारी बारा-साडेबाराला त्या काय जेवतात आणि कुणाबरोबर जेवतात, याबद्दल आज मला बोलायचं आहे.

केडगाव आता नावापुरतं गाव आहे. पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसाहती झाल्या. अनेक घरांतली मुलं पुण्याला, चाकणला, रांजणगावला कामाला गेली. जी इथे आहेत ती नवरा-बायको दोघं सकाळी डबा घेऊन बाहेर पडतात. मागे उरतात आजी किंवा आजोबा. घर पक्कं आहे, डब्यात पीठ आहे, मुलगा पैसे पाठवतो. बाहेरून पाहणाऱ्याला काही कमी दिसत नाही. पण आत गेलात तर सकाळी चहा-बटर आणि दुपारी पुन्हा चहा-बटर. विचारलं, तर एकच उत्तर येतं : ‘एकटीसाठी कुठं गॅस पेटवू?’

हे उत्तर मला फार गंभीर वाटतं. दात गेले की ज्वारीची भाकरी चावत नाही. ती कुस्करून खायची तर आमटी हवी, आणि एका माणसासाठी आमटी करायचा उत्साह राहत नाही. हुलग्याचं शेंगोळं करणारे हात बटर बुडवून खाऊ लागतात. डाळ, दूध, भाजी पोटात गेली नाही की स्नायू झिजतात, तोल सावरत नाही, एक दिवस न्हाणीत पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. मधुमेहाची गोळी घेतली आणि जेवण राहिलं, तर साखर उतरून चक्कर येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘जेवणाआधी’ असं लिहिलेलं असतं. जेवण होणारच, असं आपण सगळ्यांनी धरून ठेवलेलं असतं.

सरकारनं काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. श्रावणबाळ योजनेत गरीब वृद्धांना महिन्याला १५०० रुपये मिळतात. पेन्शन न मिळणाऱ्या निराधार वृद्धांना महिना १० किलो धान्य देणारी अन्नपूर्णा योजना केंद्रानं २००० साली आणली. २६ जानेवारी २०२० पासून राज्यात १० रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली : दोन चपात्या, भाजी, वरण, भात. चांगलीच गोष्ट. मात्र ही केंद्रं बसस्थानक, बाजार, दवाखाना अशा वर्दळीच्या जागी असतात. गुडघे धरलेल्या माणसानं तिथवर जायचं कसं? आणि कच्चं धान्य घरी आलं, तरी ते शिजवणार कोण?

ज्येष्ठांसाठी अनेक शहरांत विरंगुळा केंद्रं उभी राहिली आहेत. तिथे वर्तमानपत्र असतं, कॅरम असतो, गप्पा असतात. पण बहुतेक ठिकाणी सकाळ-संध्याकाळ गजबज आणि दुपारी दाराला कुलूप. शिवाय तिथे पुरुषच जास्त दिसतात. आयुष्यभर कामात गेलेली बाई नुसतं बसायला घराबाहेर पडत नाही. तिला मेथी निवडायला बोलवा, शेंगा सोलायला बोलवा, ती येईल. म्हणून माझं म्हणणं असं, की या जागा दुपारी उघड्या राहाव्यात आणि तिथे रोज एक वेळचं गरम जेवण असावं. पंगतीत बसलं की माणूस दोन घास जास्त जेवतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

हे कुठे झालंच नाही असं नाही. तमिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये मुलांसाठी दुपारच्या पौष्टिक जेवणाची योजना वाढवली आणि पुढच्याच वर्षी त्याच स्वयंपाकघरांतून वृद्ध पेन्शनधारकांनाही जेवण देणं सुरू केलं. नवी चूल मांडावी लागली नाही. आपल्याकडेही शाळाशाळांत पोषण आहार शिजतो, बचत गटांच्या बायका शेकडो माणसांचा स्वयंपाक सहज उरकतात, आणि शिर्डीचं प्रसादालय तर आपल्याच जिल्ह्यात आहे. अमेरिकेत १९७२ पासून ज्येष्ठांच्या सामुदायिक जेवणाला सरकारी पैसा मिळतो. तिथे जेवणाऱ्याला किंमत लावत नाहीत, ज्याला जमेल त्यानं इच्छेनं द्यावं. ही पद्धत मला आवडते. फुकट खाल्ल्याचा संकोच राहत नाही आणि पैसे नसलेल्याला परत फिरावं लागत नाही.

जो अंथरुणाला खिळला आहे, त्याला डबा पोचवावा लागेल. नगरच्या डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं बेघर मनोरुग्ण बायकांना सांभाळण्याचं मोठं काम आपल्याला ठाऊक आहे; त्याची सुरुवात रस्त्यावरच्या बेवारस माणसांना घरून जेवण नेऊन देण्यापासूनच झाली. डबा नेणारा माणूस फक्त अन्न नेत नाही. कालचा डबा तसाच पडलाय, आजोबांचा पाय सुजलाय, आजी आज दार उघडायला उशीर करतायत, हे त्याला मुलाच्याही आधी कळतं. दुपारच्या जेवणाच्या या केंद्रात आठवड्यातून एकदा रक्तदाब तपासता येईल, हयातीच्या दाखल्याचं काम होईल, रेशन दुकानातल्या यंत्रावर झिजलेला अंगठा उमटत नाही म्हणून परत आलेल्या माणसाबरोबर कुणी जाऊ शकेल.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढचे लोक एक कोटीहून अधिक होते. त्यांतल्या बहुतेकांना वृद्धाश्रम नको आहे. त्यांना आपल्याच घरी, आपल्याच गल्लीत राहायचं आहे.

केडगावातल्या मंडळांना, बचत गटांना, देवस्थानाला आणि महापालिकेला माझी विनंती आहे. एक सभागृह, एक गॅस, वीस माणसं, इतक्यानं सुरुवात करा. आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला सांगते, शेजारच्या घरी आज दुपारी काय शिजलं, ते जाऊन विचारा. अडचणीतल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे. फोन मोफत आहे. हा नंबर त्यांच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्या.