किल्ली कुणाकडे आणि वही कुठे?

मैत्रिणींनो, शेतात असाल, गोठ्यात असाल, नाहीतर शिलाईच्या मशीनवर बसला असाल. काम चालू ठेवा, कान मात्र इकडे द्या. आज आपल्या भागातल्या एका मुलीच्या परदेशातल्या शिक्षणाबद्दल आम्ही बोलणार आहोत. त्यातून आपल्या गटांनी काय घ्यायचं, तेही सांगणार आहोत.

ही मुलगी आपल्या एका गटातल्या ताईंची लेक. ती डिझाइन शिकते. डिझाइन म्हणजे नुसती नक्षी नव्हे. वस्तू हातात कशी बसेल, कशाची बनेल, किती खर्चात बनेल, मोडली तर दुरुस्त कशी होईल, हे सगळं त्यात येतं. या शिक्षणात काही महिने बाहेर प्रत्यक्ष कामावर राहून शिकायचं असतं. तिची निवड नेदरलँड्स देशातल्या ॲमस्टरडॅम शहरात झाली, फॅब लॅब नावाच्या कार्यशाळेत.

घरात आधी आनंद झाला, मग प्रश्न सुरू झाले. आजोबा म्हणाले, "एवढं शिकवलं ते परदेशात जाऊन सुतारकाम करायला?" आईला काळजी पैशांची आणि पोरीच्या राहण्याची. गटाच्या बैठकीत चर्चा झाली. तिथल्या संस्थेचं पत्र आलं आहे का, राहण्याची सोय कुठे, विमा काढला का, महिन्याला हातात किती मिळणार, हे एकेक विचारून घेतलं. मगच आईला अंतर्गत कर्ज मंजूर झालं. एका वयस्कर काकूंनी तेव्हाच सांगून ठेवलं, "पैसे आई फेडेल. पण शिकून आलीस की आम्हाला बसवून सांगायचं." पोरगी शब्दाला जागली. परत आल्यावर ती दोन बैठकांना आली आणि आम्ही विचारू ते सगळं तिनं सांगितलं.

ती कार्यशाळा एका फार जुन्या इमारतीत आहे. इमारतीचं नाव वाग. १४८८ साली ती शहराची वेस म्हणून बांधली. शहर वाढलं, वेशीची गरज संपली, तेव्हा तिथे व्यापाऱ्यांचा माल वजन करू लागले. वरच्या मजल्यावर गवंडी, लोहार, चित्रकार, शल्यवैद्य अशा कारागिरांच्या संघांना जागा होत्या. प्रत्येक संघाचा दरवाजा वेगळा! ज्याचं कसब त्याच्या दाराआड. आज त्याच इमारतीतल्या कार्यशाळेत शिकायचं असलेला माणूस जाऊ शकतो, आणि विद्यार्थी, कलाकार, हौशी कारागीर एकाच टेबलाभोवती काम करतात.

फॅब लॅबची कल्पना अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतून निघाली. तिथले प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी १९९८ साली एक वर्ग सुरू केला. वर्गाच्या नावाचा अर्थ होतो, 'जवळजवळ काहीही कसं बनवायचं'. कॉम्प्युटरवर आकृती काढायची आणि मशीनकडून ती कापून, कोरून किंवा थरावर थर देऊन वस्तू घडवायची, असं ते काम. पुढे अशा कार्यशाळा देशोदेशी निघाल्या. सगळीकडे साधारण सारखीच मशीन ठेवतात. त्यामुळे एका गावात केलेली आकृती दुसऱ्या देशात पाठवली तरी तिथे ती वस्तू बनते.

आता ती काय शिकली ते ऐका. आम्हाला वाटलं होतं, ती मशीनचं कौतुक सांगेल. तिनं सांगितले ते नियम.

लेझरने कापणाऱ्या मशीनला आधी कुणी हातच लावू देत नाही. मशीन चालू असताना जागा सोडायची नाही, कारण लाकूड पेट घेऊ शकतं. पीव्हीसीचं प्लास्टिक त्यात कधीच घालायचं नाही. ते जळलं की विषारी वाफ निघते, माणसाला त्रास होतो आणि मशीनही गंजतं. हे सगळं शिकून, दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करून दाखवल्यावरच मशीन हातात मिळतं.

दुसरी गोष्ट, आधी नमुना. लेझरचा किरण कापताना केसाएवढं लाकूड जाळतो. म्हणून फळीच्या जाडीएवढीच खाच काढली तर सांधा ढिला बसतो. त्यासाठी आधी कंगव्यासारखा एक तुकडा कापतात. त्याच्या प्रत्येक खाचेचं माप थोडं वेगळं. फळी कुठल्या खाचेत घट्ट बसते ते पाहायचं आणि मगच मोठा पत्रा किंवा प्लायवूड कापायला घ्यायचं. हे ऐकून आमच्या शिलाईवाल्या ताई लगेच म्हणाल्या, "म्हणजे खणाला कात्री लावायच्या आधी मांजरपाटावर बेतून बघायचं!" अगदी तेच.

तिसरी गोष्ट वहीची. रोज काम संपलं की काय केलं, कोणतं माप घेतलं, काय बिघडलं, हे फोटोसकट लिहायचं. बिघडलेलं लपवायचं नाही. उद्या दुसऱ्याला तेच काम करायचं असेल, तर त्याचा दिवस आणि सामान वाचावं म्हणून. तिनं एका खुर्चीचा सांधा करायला घेतला, तेव्हा आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलेली मापं तिला मिळाली. तिचं फसलेलं मापही आता तिथे पुढच्यासाठी लिहिलेलं आहे.

फॅब लॅबची एक सनद आहे, एका पानात मावेल एवढी. माणसाला आणि मशीनला इजा होऊ द्यायची नाही. साफसफाई आणि देखभाल वापरणाऱ्यांनी करायची. शिकलेलं लिहायचं आणि दुसऱ्याला शिकवायचं. तिथे धंद्याचा पहिला नमुना जरूर बनवा, पण धंदा वाढला की आपली जागा बघा, सगळ्यांचं मशीन अडवून बसू नका.

हे सगळं परदेशातच असतं असं नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ गाव आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मुलांनी गावाच्या उपयोगाचं काम हातानं करावं आणि त्यातून शिकावं, हा त्यांचा विचार. २००२ साली तिथे फॅब लॅब सुरू झाली. जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये पाबळचं नाव घेतात. पोरीनं हे आजोबांना सांगितलं. आजोबा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी घरातली मोडकी बाज तिच्यापुढे आणून ठेवली.

मैत्रिणींनो, आता आपल्याकडे वळू. बऱ्याच ग्रामसंघांत सध्या सामायिक मशीन घेण्याची चर्चा चालू आहे. कुठे शेवयांचं मशीन, कुठे पापडाचं, कुठे मसाला कांडप. मशीन येतं, हार घालून फोटो निघतो आणि वर्षभरात ते एखाद्या घराच्या पडवीत झाकून ठेवलेलं दिसतं. जिच्या घरी किल्ली, तिचंच मशीन होतं. बाकीच्या मनात धरून बसतात, आणि बचतीच्या हप्त्यावरही त्याचा परिणाम होतो. कर्ज मात्र सगळ्यांच्या नावावर असतं.

आपली पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब. पैशासाठी आपण वही ठेवतो, तशी मशीनसाठीही ठेवू. मशीनचा ठराव लिहायच्या आधी हे प्रश्न बैठकीत सोडवा. मशीन कुणाच्या घरी न ठेवता सामायिक जागेत ठेवता येईल का? किल्ली आळीपाळीने कुणाकडे राहील? शिकल्याशिवाय कुणी मशीन चालवणार नाही, मग शिकवणार कोण? पुसणं, तेल देणं, पट्टा बदलणं कुणाच्या वाट्याला? एकीची मोठी ऑर्डर आली तर तिनं किती दिवस मशीन घ्यायचं आणि गटाला काय द्यायचं? आणि कुठल्या पिठाला किती पाणी लागलं, कुठला घाणा बिघडला, का बिघडला, ते त्याच दिवशी वहीत. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, शाळेत जाणाऱ्या लेकीनं लिहावं.

आणखी एक. तुमच्या घरातली मुलगी हातानं काही बनवायचं शिक्षण मागत असेल, तर तिला हलक्यात काढू नका. कागदपत्रं नीट तपासा, चार प्रश्न विचारा, आणि शिकून आल्यावर गटात बसवून सांगायला लावा.

येत्या बैठकीत ही चर्चा करा. काय ठरलं ते आपल्या समन्वयक ताईंजवळ सांगा, पुढच्या वेळी रेडिओवर तुमच्या गटाचं नाव घेऊन आम्ही ते सगळ्यांना ऐकवू.